शेवंतीनं सांगायला हवं होतं

ताई,

तू गेल्यापासून तुझ्या या कर्जतच्या घरात माणसांची रीघ लागली आहे, आणि जो येतो तो तुझं कौतुक करतो. मी धाकटी बहीण म्हणून दाराजवळ बसते, ऐकते, मान हलवते, पाण्याचा तांब्या पुढे करते. 'किती सोसलं हो हिनं, पण शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही.' 'कधी तोंडातून हूं नाही की चूं नाही.' सुमनकाकू तर तळ ठोकूनच आहेत, आणि नवं माणूस टेकायच्या आत हे वाक्य त्याच्या हातात ठेवतात. मला ते ऐकवत नाही. परवा मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले, कारण बाहेर थांबले असते तर काकूंना काहीतरी बोलून बसले असते. तू असतीस तर बाहेरून म्हणाली असतीस, मीनू, पाणी वाया जातंय.

मला राग कशाचा येतो ते तुला सांगायला नको. ही माणसं तुझ्याबद्दल बोलतच नाहीत. ती शेवंतीच्या गोष्टीतलं शेवटचं पान म्हणून दाखवताहेत, आणि त्यांना ते ठाऊकही नाही.

ते पुस्तक अजून तुझ्या कपाटात आहे. मुखपृष्ठ कधीच गेलं, बाबांनी त्याला कॅलेंडरचा जाड कागद चिकटवला होता, तो आता पिवळा पडलाय. रविवारी दुपारी बाबा सतरंजीवर आडवे व्हायचे, आपण दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना, आणि मागणी एकच असायची. शेवंतीची गोष्ट. घरी कुळधर्माचं जेवण असतं. पाणी आणताना शेवंतीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. आई चुलीपाशी, बाप पानं मांडतोय, पाहुणे हातपाय धुताहेत. आता सांगितलं तर पंगत मोडेल, म्हणून ती सांगत नाही. हसतमुखानं सगळ्यांना वाढते, सगळ्यांची जेवणं झाली की पडवीत अंग टाकते, ती उठतच नाही. देवी तिच्यासाठी पालखी पाठवते. तिच्या पायाचं रक्त जिथे जिथे सांडलं तिथे फुलं उगवतात, आणि सगळं गाव म्हणतं, लेक असावी तर अशी.

सरळ लिहून काढल्यावर कशी दिसते बघ ही गोष्ट. घरात एवढी माणसं असताना एक मूल काट्यानं मरतं, आणि गाव खूश होतं. पण खोटं कशाला बोलू, पालखीपाशी बाबांचा आवाज खाली यायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मला शेवंतीच व्हायचं असायचं. मी वाचायला शिकले ते त्याच पानावर बोट ठेवून. तिच्या हातातली वरणाची वाटी, परकराचा काठ, मागे उभी राहिलेली मांजर, सगळं चित्र मी आजही डोळे मिटून काढून देईन. माझी ओवी झाली तेव्हा तिच्यासाठी पहिलं पुस्तक म्हणून मला हेच आठवलं, आणि हेच तिच्या हाती लागू नये असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. हे माझ्या नवऱ्याला समजावता आलं नाही. तो म्हणाला, मग दुसरं घे की, दुकानात ढीग पडलेत.

त्याला कसं कळणार? तो आपल्या घरात वाढला नाही. आपल्या घरात तोंडानं मागणं म्हणजे कमीपणा. बाबांना ताक हवं असलं की ते वाटी बोटभर पुढे सरकवायचे, आणि आई पाठ वळवलेली असली तरी तिला ते कळायचं. तिचं डोकं दुखायला लागलं की ती न बोलता खिडकी लावायची, आणि तू उठून अमृतांजनची बाटली आणायचीस. पाहुण्यांसमोर 'आई, मला भूक लागली' म्हटलं म्हणून मला आत नेऊन केवढं सुनावलं होतं. काय ऐट होती आपल्याला त्याची! शेजारच्या घरात आरडाओरडा चालायचा, हे दे, ते दे, माझं हे दुखतंय. आपण दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. आपल्याकडे सांगावं लागत नाही, आपल्याकडे कळतं, असं आईचं म्हणणं होतं आणि ते आपण देवाच्या श्लोकासारखं पाठ केलं होतं.

पळसदरीच्या धरणावर आपलं शेवटचं मोठं भांडण झालं ते आठवतं का गं? तू मला आणि ओवीला जबरदस्तीनं नेलं होतंस. शनिवार-रविवारची मुंबईची गर्दी, पाण्याकाठी चिप्सची पाकिटं, आणि तू त्या सगळ्यात सतरंजी घालून आपलं शेवंतीचं पुस्तक उघडून बसलीस. ओवीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हणजे शेवंती मेली?"

"देवीनं नेली," तू म्हणालीस.

"मेली म्हण ना गं सरळ," मी म्हणाले. "लहान आहे ती, मूर्ख नाही."

ओवी खडे मारायला पाण्याकडे गेली आणि आपली जुंपली. मी म्हणाले की ही गोष्ट मुलींना मुकाट मरायला शिकवते. तू हसलीस. मोबाइलवर ती कार्टूनमधली माकडं एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालतात ते तुला चालतं, आणि बिचाऱ्या शेवंतीला तू घराबाहेर काढतेस, असं म्हणालीस. ती माकडं खरंच चालत होती, माझा स्वयंपाक त्यांच्याच जिवावर व्हायचा. मग तू जरा गंभीर होऊन म्हणालीस की मुलांना नुसतं गोड गोड दिलं की ती ढ होतात, त्यांना थोडं रडायला लावणारं काही हवं. तेही मला पटलं. तुझं निम्मं मला नेहमीच पटायचं, म्हणून तर तुझ्याशी भांडणं एवढं जड जायचं. आणि शेवटी तू म्हणालीस,

"आपण दोघींनी ऐकलीच ना गं ही गोष्ट? काय झालं आपल्याला?"

त्या दिवशी मी उठून ओवीला हाक मारायला गेले. आता उत्तर आहे माझ्याकडे, पण तू ते ऐकायला थांबली नाहीस.

तुझं पोट त्या वेळी दुखत होतं ना? मी आता मागे जाऊन एकेक दिवस तपासत असते. तू डबा उघडलास, आम्हाला वाढलंस, आणि तू स्वतः नुसती काकडी खाल्लीस. मी विचारलं तर म्हणालीस, सकाळी पोहे जास्त झाले. खालापूरला आमच्याकडे यायचीस तेव्हाही तेच, शाळेत खाल्लं, वाटेत खाल्लं. पर्समध्ये त्या गुलाबी औषधाची बाटली असायची, पित्ताची म्हणून. पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं तोवर डॉक्टरांना फार काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं, आणि त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला की घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. तू पलंगावर पडून छताकडे बघत होतीस. तुला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझे केस विंचरताना विचारलं,

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं."

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून, मीनू. तू किती ठिकाणी पळणार होतीस?" मग माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "आणि मला वाटलं, तुला कळेल."

ताई, हे वाक्य तू बोलायला नको होतंस. बाकी सगळ्याची मी कधीतरी समजूत घालीन, याची घालता येत नाही. मला कसं कळणार होतं? मी खालापुरात, तू कर्जतला, फोनवर तुझा आवाज नेहमीसारखा ठणठणीत, त्यात चौकशी सगळी माझी. वाटी बोटभर सरकवलेली फोनवर दिसत नाही. तू माझी परीक्षा घेतलीस आणि मला सांगितलंही नाहीस की परीक्षा चालू आहे. हा गुन्हा मी माझ्या माथी घेणार नाही. तू कितीही लाडकी असलीस तरी नाही.

एवढं लिहून मी थांबले होते, कारण एका बाजूला राग येतो आणि दुसऱ्या बाजूला आठवतं की माझ्या आयुष्यातलं जे जे बोलण्याजोगं होतं ते तूच बोललीस. मला दुसऱ्या जातीतला मुलगा आवडलाय हे बाबांना सांगायची माझी छाती नव्हती. तू जेवणाच्या पानावर, आमटी ओतता ओतता सांगून टाकलंस, आणि बाबांचा घास तसाच हातात राहिला. आमच्या कुंभिवलीच्या भाड्याच्या खोलीत कारखान्याचा धूर येतो, बाळाला खोकला होतो, हे घरमालकाला तूच सुनावलंस आणि आम्हाला दुसरी जागा मिळवून दिलीस. ओवीला 'र' म्हणता येत नव्हता, तर तू सुट्टीभर तिला मांडीवर घेऊन रिक्षा, रस्ता, राजगिरा करत बसलीस. दुसऱ्यासाठी तुझी जीभ केवढी धारदार होती. आज ओवी घडाघडा वाचते ती तुझ्यामुळे, हे मी कुणालाही सांगेन.

परवा पोशीरहून सुरेखा आली होती, तू शाळेत शिकवायचीस त्या वर्गातल्या एका मुलीची आई. भातशेतीवर काम करणारी, उंच, मोठ्या आवाजाची बाई. सुमनकाकूंनी तिलाही ते 'हूं नाही की चूं नाही' ऐकवलं. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"आवो, पन बाईच तर पोरांना वरडायला शिकवायच्या," ती म्हणाली.

"म्हणजे?" मी विचारलं.

"दर शनवारी. सगळ्या पोरांना उभं करायचं, आनि कुनाला कुठं दुकतंय ते मोठ्यानं सांगायचं. कुनाचा दात, कुनाचा पाय. आदी पोरं हसायची. मंग बाईनी ती गोष्ट सांगितली, काटा घुसलेल्या पोरीची. आमची पोर घरी येऊन रोज तीच सांगते."

मी तांब्या खाली ठेवला. मी तिला गोष्ट सांगायला लावली.

"त्या पोरीच्या घरी पंगत हाय. तिच्या पायात काटा घुसतो. तशी ती भर पंगतीत बोंब मारते, आई गं, माझ्या पायात काटा घुसलाय! मंग सगळी पंगत पानावरून उठते. कोन सुई आनतो, कोन दिवा धरतो. काटा निघाल्यावर ती पोर पयली जेवायला बसते, आनि बाकीचे मागून."

"आणि देवी? पालखी?"

"देवी नाय त्यात," सुरेखा म्हणाली. "गेल्या साली आमच्याकडं हळद होती. घर पावन्यांनी भरलेलं. पेंढ्यात पोरीला विंचू चावला, तशी ती सगळ्यांसमोर वरडली. नायतर आमची पोर लाजाळू, ती बोललीच नसती. मी बाईना म्हनाले, तुमची गोष्ट कामाला आली. तर बाई नुसत्या हसल्या."

म्हणजे तुला कळत होतं. पळसदरीला माझ्याशी तावातावानं भांडत होतीस तेव्हाही तुला कळत होतं. देवी काढून टाकलीस, पालखी काढलीस, फुलं काढलीस, पंगत मोडलीस, आणि मी जे म्हणत होते त्याच्याही पुढे गेलीस. पोशीरच्या मुलींना तू ती गोष्ट दिलीस आणि माझ्या मुलीला मात्र जुनीच वाचून दाखवलीस. का गं? मी याचा विचार करकरून दमले, आणि मला एकच उत्तर सापडतं, तेही आईच्या तोंडचं. त्यांच्याकडे सांगावं लागतं, आपल्याकडे कळतं. त्यांचे आईबाप दिवसभर शेतात, त्यांना ओरडून सांगायला हवं. आपण पडलो शहाणे, शिकलेले, आपल्याला ओरडायची काय गरज? हसू येतं मला, ताई. पोशीरची मुलगी वाचली आणि तू गेलीस.

यावर तू काहीतरी बोलली असतीस. मला गप्प करणारं, निम्मं खरं असलेलं. ते काय असतं याचा मी अंदाज बांधत बसते.

आता कालचं सांगते. उद्या तुझं तेरावं, त्यामुळे काल सकाळपासून घरात गडबड होती, आचारी येऊन गेला, पाटाखालच्या रांगोळीवरून काकूंनी वाद घातला. ओवी कोपऱ्यात ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. ही पोर तू गेल्यापासून अशीच बसते आहे. मला वाटलं, मावशीचं दुःख आहे. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवून येणाऱ्या बायकांना म्हणाल्या, "बघा, किती शहाणी. अगदी मावशीवर गेलीय. काही मागणं नाही, काही रडणं नाही."

मावशीवर गेलीय हे ऐकलं आणि मी हातातलं काम तसंच टाकलं. मी जाऊन तिच्या डोक्यावरची ओढणी काढली. उजवा कान लालभडक, खाली गालापर्यंत सूज, आणि ओढणीला आतून पिवळा डाग. मी हात लावला तर ती ताठ झाली, पण तोंडातून आवाज काढला नाही.

बाजारातल्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी कानात बघितलं आणि चष्मा काढून तिच्याकडेच बघत राहिले. आत पू झालाय, पडद्याला भोक पडलंय, औषधानं भरून येईल बहुतेक, पण मोठी माणसं या दुखण्यानं गडाबडा लोळतात, हिनं इतके दिवस काढले कसे, असं ते मला विचारत होते. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. ते मला आता दुसऱ्या कुणी विचारायची गरज उरली नाही.

येताना आम्ही रिक्षात बसलो. कानात कापसाचा बोळा, हातात औषधाची पिशवी. ओवी माझ्याकडे वळून म्हणाली,

"आई, मी रडले नाही."

तिला शाबासकी हवी होती. तिचे डोळे तसे होते, ताई, लहानपणी परीक्षेत पहिली आलीस की तुझे असायचे तसे.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सगळे रडत होते ना. मी सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघत बसली असतीस. मावशीनं पण नव्हतं सांगितलं. शेवंतीनं पण नाही."

"शेवंतीनं सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

तिनं कानातला बोळा चाचपला. मग म्हणाली, "मग ती चांगली कशी?"

"काटा लागला हे सांगूनही चांगलं राहता येतं."

"आणि मावशी?"

मला इथे थांबता आलं असतं. मावशीची गोष्ट वेगळी, तू मोठी झालीस की कळेल, असं काहीतरी म्हणता आलं असतं. ती पोर तुला देवीच्या जागी ठेवून बसली होती, आणि तुझं तेरावं व्हायचं होतं. पण मी तसं म्हटलं असतं तर तिनं शेवंतीला सोडून दिलं असतं आणि तुला धरून ठेवलं असतं. मला तू आणि ओवी यांतून एकीला निवडायचं होतं, आणि तू आता काही माझ्याकडे मागणार नव्हतीस.

"मावशी चुकली," मी म्हणाले. "फार मोठी चूक केली तिनं. तिनं आपल्याला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कदाचित ती आज असती."

ओवीचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं माझा हात झटकला, पिशवी खाली फेकली, मला चापट मारली, आणि मग एवढ्या मोठ्यानं रडायला लागली की स्टेशनच्या रस्त्यावर उभी माणसं वळून बघायला लागली. तू वाईट आहेस, मावशी चुकली नाही, माझा कान दुखतोय, खूप दुखतोय, असं सगळं एकातच. तुझ्यावरचा तिचा राग तिनं माझ्यावर काढला आणि मी तो काढू दिला. आपल्या घरातलं कुणी रस्त्यात असं कधी रडलं नव्हतं.

रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "ताई, पोरीला काय झालं?"

"दुखतंय तिला," मी म्हणाले. मी तिला गप्प बस म्हटलं नाही.